गाभ का टिकत नाही? गोठ्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी

सकाळी धारेला गेलात आणि मूतखळीत अर्धवट वाढलेलं वासरू पडलेलं दिसलं, की हात आपोआप ते उचलायला पुढे जातो. तिथेच थांबा. पुढच्या तासाभरात तुम्ही काय करता यावर बाकीच्या जनावरांचं आणि घरातल्या माणसांचं बरंच काही अवलंबून असतं. नवीन पशुपालक या तासात बहुधा तीन गोष्टी करतो: उघड्या हातांनी गर्भ उचलून उकिरड्यावर टाकतो, जागा भरपूर पाण्याने धुऊन काढतो आणि मग कुणाकडून तरी गायीला इंजेक्शन देऊन घेतो. तिन्ही चांगल्या हेतूने केलेल्या असतात. पण पहिल्या गोष्टीने रोग माणसापर्यंत पोचतो, दुसरीने तो गोठाभर पसरतो आणि तिसरीने त्याचा माग लागण्याची शक्यता कमी होते.

म्हणून हा लेख औषधांच्या यादीपासून सुरू करत नाही. जनावराच्या अंगातून जे बाहेर येतं ते नीट पाहायला आणि जपून हाताळायला शिकणं, हीच या विषयातली खरी सुरुवात आहे.

गाभ टाकलेली दिसली तर: पहिला तास

आधी स्वतःचा बचाव करा. रबरी हातमोजे, तोंडावर मास्क, पायात गमबूट. मोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातांत चढवा. हाताला जखम किंवा चीर असेल तर ते काम दुसऱ्याला सांगा. घरातल्या गरोदर बाईने त्या जागेच्या आसपासही फिरकू नये. मेंढ्या-शेळ्यांमध्ये गाभ गेली असेल तर ही काळजी दुप्पट, कारण तिथले काही जंतू माणसाच्याही पोटातलं मूल धोक्यात आणतात.

मग कुत्रं बांधा. वार, म्हणजे गर्भाबरोबर बाहेर पडणारं आवरण, तोंडात धरून कुत्रं शेतभर फिरतं आणि रोग त्याच्याबरोबर फिरतो. पाठोपाठ गाभ टाकलेली गाय किंवा म्हैस दावणीतून सोडून बाजूला, वेगळ्या जागी बांधा. शेजारची जनावरं पडलेला गर्भ हुंगतात, चाटतात, आणि बहुतेक संसर्ग असा तोंडावाटेच होतो. तिचा चारा, पाणी, बादली वेगळी ठेवा. मागून येणारा स्राव पूर्ण थांबेपर्यंत, निदान तीन आठवडे, ती वेगळीच राहू द्या. धार सगळ्यात शेवटी काढा.

आता पशुवैद्यकांना फोन. ते येईपर्यंत गर्भ आणि वार दोन्ही जाड, दुहेरी पिशवीत घालून सावलीत ठेवा, बाहेरून बर्फ लावता आला तर उत्तम. गोठवू मात्र नका. वार टाकून देण्याची चूक फार होते. जंतू जिथे वाढला ती जागा वारेतच असते, त्यामुळे नुसत्या गर्भापेक्षा वारेसकट नमुना गेला तर कारण सापडण्याची शक्यता वाढते. गर्भाच्या पोटातलं पाणी, फुप्फुस, यकृत, वारेचा तुकडा आणि आईचं रक्त असा नमुना पशुवैद्यक घेतील. दोन-तीन आठवड्यांनी आईचं रक्त पुन्हा द्यावं लागतं. एकाच तपासणीतून संसर्ग जुना की ताजा हे कळत नाही, दोन तपासण्यांमधला फरक ते सांगतो. हे दुसरं रक्त द्यायला बहुतेक लोक विसरतात. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीच खूण करा.

नमुना गेल्यावर राहिलेलं सगळं विहीर, ओढा यांपासून लांब, पाच-सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. खालचं गवत, भिजलेला पेंढा, वरची ओली मातीही त्यातच. जागा साफ करताना क्रम पाळा: आधी कोरडं खरवडून काढा, मग जंतुनाशक ओता, थोडा वेळ राहू द्या आणि शेवटी पाणी. शेण आणि रक्त तसंच असताना ब्लीचिंगचं द्रावण ओतलं तर त्याचा जोर शेणावरच संपतो. जोराचं पाणी मारलं तर जंतू शिंतोड्यांबरोबर गव्हाणीपर्यंत उडतात. या जंतूंपैकी बरेच ओल्या, थंड, सावलीच्या जागी टिकून राहतात आणि कडक उन्हात लवकर मरतात. तेव्हा जमेल तेवढं ऊन त्या जागी येऊ द्या.

सगळ्यात फसवा जंतू

गाभडण्यामागे जिवाणूंशिवायही कारणं असतात: विषाणू, बुरशी, उष्णतेचा ताण, मार, नायट्रेट जास्त असलेला चारा. पण नवख्या माणसाने एक रोग सगळ्यात आधी मनात धरून चालायचं, तो म्हणजे सांसर्गिक गर्भपात, ब्रुसेलोसिस. तो नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच वागायचं.

माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्ये हा जंतू पहिल्यांदा सापडला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, डेन्मार्कमध्ये पशुवैद्यक बर्नहार्ड बँग यांनी गाभडणाऱ्या गायींत जंतू शोधला. माल्टात माणसांना ताप येतो तो शेळ्यांच्या दुधातून, हे तिथलेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी १९०५ मध्ये दाखवलं. पण ब्रूस आणि बँग यांना सापडलेले जंतू एकाच कुळातले आहेत हे लक्षात यायला १९१८ उजाडलं. ते अमेरिकी जंतुशास्त्रज्ञ ॲलिस इव्हान्स यांनी मांडलं, तेव्हा पुष्कळ जाणकारांनी मान्य केलं नाही, आणि पुढे याच रोगाने त्यांना स्वतःला वर्षानुवर्षं गांजलं. एवढं सांगायचं कारण असं, की गायीचा रोग आणि माणसाचा ताप वेगवेगळे मानण्याची चूक आजही घरोघरी होते.

हा जंतू तोंडावाटे, डोळ्यावाटे किंवा जखमेतून आत शिरतो आणि शरीराच्या पेशींच्या आत लपून बसतो. गाभण गर्भाशयात एरिथ्रिटॉल नावाची साखरेसारखी गोष्ट असते, ती त्याला फार मानवते. म्हणून गाभण काळाच्या उत्तरार्धात तो वारेत भराभर वाढतो. वारेला सूज येते, गर्भाचं पोषण तुटतं. गायीत पाचव्या महिन्यानंतर, बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात, गाभ पडते आणि नंतर वार अडकते. वळूंच्या वृषणांना सूज येते. काही जुन्या जनावरांच्या गुडघ्यावर पाण्याची मऊ गाठ दिसते.

फसवं आहे ते पुढचं. गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला पूर्ण दिवसांचं, कधी धडधाकट वासरू देते आणि मालकाला वाटतं, बरी झाली. प्रत्यक्षात दर वेळी विताना, वारेतून, स्रावातून आणि दुधातून ती जंतू टाकत राहते. जंतू पेशींच्या आत असल्यामुळे जनावराला औषध देऊन तो खात्रीने निघत नाही. असं जनावर विकून मोकळं होणं म्हणजे आपला रोग दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधणं. मला हे अतिशय चुकीचं वाटतं. रोग पक्का झालेल्या जनावराचं काय करायचं हे तुमच्या भागातले पशुआरोग्याचे नियम आणि पशुवैद्यक ठरवतील, पण खरेदीदाराला अंधारात ठेवणं हा पर्याय नाही.

माणसात हा रोग आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरणं, पुरुषांत वृषणांना सूज अशा रूपात येतो. डॉक्टरांकडे गेलात तर 'आमच्याकडे जनावर गाभडलं होतं' हे वाक्य न विचारता सांगा. तेवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलते. दूध नेहमी उकळूनच घ्या, कच्चं दूध आणि कच्चा चीक दोन्ही टाळा. उकळण्याने हा जंतू मरतो.

बाकीचे जंतू त्यांच्या वाटेवरून ओळखा

नावं पाठ करण्यापेक्षा जंतू कुठून येतो ते लक्षात ठेवा, कारण बंदोबस्त वाटेचाच करायचा असतो.

लेप्टोस्पायरा येतो मुतातून. उंदीर आणि बाधित जनावरं लघवीवाटे तो टाकतात आणि साचलेल्या पाण्यात तो टिकतो. दूध अचानक कमी होतं, कास सैल पडते, आणि काही आठवड्यांनी, गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात, गाभ जाते. उंदरांचा बंदोबस्त, गोठ्यातल्या डबक्यांचा निचरा आणि स्वच्छ पाणी हे त्याचं उत्तर. तो माणसालाही होतो.

लिस्टेरिया चाऱ्यातून येतो, विशेषतः नीट न आंबलेल्या, हवा शिरून बुरसटलेल्या मुरघासातून, म्हणजे हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यातून. मेंढ्या-शेळ्यांत याच जंतूमुळे डोकं एका बाजूला कलतं आणि जनावर गोल गोल फिरतं. मुरघासाचा बुरसटलेला थर गाभण जनावराला कधीही घालू नका, 'थोडाच आहे' असं म्हणूनही नाही.

कॅम्पिलोबॅक्टर येतो वळूकडून. वळूला स्वतःला काहीच होत नाही. त्याच्या लिंगाच्या वेष्टणाच्या घड्यांत जंतू राहतो आणि प्रत्येक फळवणीत पुढे जातो. गायी फारशा गाभडताना दिसत नाहीत, त्या नुसत्या उलटत राहतात, म्हणजे फळवूनही पुन्हा माजावर येतात, आणि तेही अनियमित दिवसांनी. पंचक्रोशीत फिरणारा एकच वळू वापरला जात असेल आणि त्याच्याकडे नेलेल्या गायी उलटत असतील, तर दोष गायींत शोधत बसू नका. तपासलेल्या वळूच्या रेताने कृत्रिम रेतन करणं हा यातला सर्वांत सोपा मार्ग.

शेळ्या-मेंढ्यांत शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एकामागून एक गाभ पडायला लागली तर क्लॅमिडियाचा संशय घ्यावा. क्यू ताप घडवणारा कॉक्सिएला वाळलेल्या स्रावाच्या धुळीतूनही पसरतो, म्हणून विण्याच्या हंगामात खत उपसताना मास्क हवाच.

विताना आणि वार पडेपर्यंत

वर सांगितलेले जंतू बाहेरून येतात. पण रोजच्या गोठ्यात गर्भाशय बिघडवतात ते बहुतेक वेळा शेणातले, कातडीवरचे साधे जंतू. विण्याच्या वेळी गर्भाशयाचं तोंड उघडतं आणि विल्यावर पहिल्या काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक गायीच्या गर्भाशयात जंतू शिरतात. निरोगी गाय ते स्वतः बाहेर टाकते. आपलं काम तिच्यावरचा भार वाढू न देणं.

विण्याची जागा वेगळी, कोरडी, ताज्या पेंढ्याची असावी. आजारी जनावराला बांधायची जागा आणि विण्याची जागा एकच असू नये. कळा सुरू झाल्यावर हात घालण्याची घाई नको. पाणमोट फुटून दीड-दोन तासांत काही पुढे सरकलं नाही, किंवा तासभर जोराच्या कळा देऊनही पाय दिसला नाही, तर पशुवैद्यकांना बोलवा. स्वतः हात घालायचीच वेळ आली तर नखं कापलेली, हात कोपराच्या वरपर्यंत साबणाने धुतलेले, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) आणि शेपटीखालचा भाग धुतलेला, आणि स्वच्छ वंगण.

वार साधारणपणे काही तासांत पडते. बारा तास उलटूनही पडली नाही तर ती अडकली असं समजून फोन करा. आणि आता जे सांगतो ते कृपा करून मनावर घ्या: वार ओढू नका. तिला दगड, वीट, जुनी चप्पल, काहीही बांधू नका. गायीच्या गर्भाशयाला आतून शंभराच्या आसपास बटणासारख्या गाठी असतात आणि वार त्या प्रत्येक गाठीला घट्ट धरून असते. ओढल्यावर ती सुटत नाही, तुटते. आत राहिलेले तुकडे कुजतात, गाठींना जखमा होतात आणि त्या जखमांतून जंतू रक्तात जातात. सुरुवातीच्या काळात मी स्वतः अशी वार ओढायला हात लावला होता. गाय वाचली, पण त्यानंतर ती कधी गाभण राहिली नाही. ती गोष्ट मला अजून डाचते.

मग करायचं काय? लोंबणारा भाग जमिनीला टेकून शेणात लोळत असेल तर पशुवैद्यकांना विचारून तो तेवढाच आखूड करावा. पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. थर्मामीटर गुदद्वारात घालून घ्यायचा, हे एकदा शिकून घेतलं की अवघड नाही. गायीचं तापमान साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं, खाणं सुटलं, घाण वासाचा, पाणचट, तपकिरी-लाल स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी उपचार हवेत. ताप नाही, खाते-पिते आहे, अशा गायीला केवळ वार अडकली म्हणून प्रतिजैविकं द्यायची गरज असतेच असं नाही. गर्भाशयात गोळ्या सरकवण्याची सवयही अनेक ठिकाणी आहे. प्रत्येक वेळी हात आत जातो तेव्हा नवे जंतूही आत जातात, म्हणून ते पशुवैद्यकांच्या निर्णयाशिवाय होऊ देऊ नका.

वार अडकण्याची मुळं पुष्कळदा विण्याच्या आधीच्या महिन्यांत असतात: कॅल्शियमची घसरण, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता, अति लठ्ठपणा, जुळी, अडलेलं वेत. भाकड काळातला आहार आणि खनिज मिश्रण इथे कामी येतं.

पुढचे चाळीस दिवस

विल्यानंतर दोनेक आठवडे लालसर-तपकिरी, वास नसलेला स्राव येणं साहजिक आहे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण चाळीस दिवस लागतात. तीन आठवडे उलटल्यावरही पांढरा-पिवळा पू दिसत असेल, शेपटीला खपली धरत असेल, तर गर्भाशयाला आतून सूज आहे. तिला ताप नसतो, दूधही बरं असतं, म्हणूनच दुर्लक्ष होतं. अशा गायीत रेतन करून पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात.

एक प्रकार तर आणखी चकवतो. गर्भाशयात पू साचतो, तोंड बंद राहतं, गाय माजावर येत नाही आणि आपण ती गाभण आहे असं धरून बसतो. दोन-तीन महिन्यांनी कधीतरी ती बसल्यावर मागे पुवाचं थारोळं दिसतं. यावर प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकाचं इंजेक्शन चांगलं काम करतं. पण तेच इंजेक्शन खरोखर गाभण असलेल्या गायीला दिलं तर गाभ पडते. म्हणून तपासणी आधी आणि सुई नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नका. गाभण तपासणी वेळेत करून घेतली तर हा गोंधळ होतच नाही.

बळस पाहायला शिका

माजावरच्या गायीची बळस, म्हणजे निरणातून येणारा चिकट स्राव, काचेसारखी स्वच्छ, चिकट, लांब तार धरणारी असते. सकाळी ती जमिनीवरून वाहून जाण्याआधी पाहा. त्यात दुधाळपणा, पांढरे कण किंवा पिवळी झाक असेल तर त्या माजाला रेतन नको, आधी उपचार. शंका असेल तर पशुवैद्यक बळशीची साधी चाचणी करू शकतात. रेतन करताना निरण कोरड्या स्वच्छ कागदाने पुसली आहे ना आणि नळीचं आवरण नवं आहे ना, हे बघायला संकोच करू नका. काही गाभण गायीही माजाची लक्षणं दाखवतात. तिच्यात नळी आत गेली तर चांगली गाभ हातची जाते, म्हणून आधी रेतन झालेली गाय पुन्हा माजावर दिसली तर तेही रेतन करणाऱ्याला सांगा.

उलटण्याचे दिवसही बोलके असतात. अठरा ते चोवीस दिवसांनी नेमकी उलटली तर फळलंच नाही किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला. पस्तीस, चाळीस, पन्नास अशा विचित्र अंतराने उलटत असेल तर एक शक्यता अशी, की गर्भ धरला होता आणि नंतर मेला, आणि मग संसर्गाचा विचार करावा लागतो. मधला एखादा माज आपल्या नजरेतून निसटला असेल तरीही अंतर असंच दिसतं, त्यामुळे माज पाहण्यात ढिलाई नको. नियमित माजावर येऊनही तीन वेळा उलटलेल्या गायीला चौथं रेतन करण्याआधी तपासा.

नवं जनावर आणि लस

विकत घेण्याआधी रक्त तपासून घ्या आणि आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळं ठेवून पुन्हा तपासा. गाभण जनावर घेताना विशेष सावध, कारण काही बाधित कालवडी पहिल्यांदा विईपर्यंत तपासणीत निर्दोष दिसतात. ती आपल्याकडे विईपर्यंत तिला पूर्ण विश्वासाने कळपात धरू नका, पहिलं वेत वेगळ्या जागी होऊ द्या.

सांसर्गिक गर्भपाताची एस-१९ ही लस मादी वासरांना, म्हणजे कालवडी आणि पारड्यांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच देतात. नरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. मोठ्या वयात दिली तर पुढे रक्ताच्या तपासणीत लस आणि रोग यांत फरक करणं अवघड होतं. ही जिवंत जंतूंची लस आहे, टोचणाऱ्याला चुकून सुई लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. शेळ्या-मेंढ्यांची लस वेगळी असते. लस दिल्याचा दिवस आणि कानातला बिल्ला क्रमांक लिहून ठेवा, आठ महिन्यांचं वय उलटलं की ही संधी गेली.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक मादीला एक पान. बिल्ला क्रमांक, माजाची तारीख, बळस कशी होती, रेतनाची तारीख, वळूचा क्रमांक, गाभण तपासणी, विण्याची तारीख, वार किती तासांनी पडली, ताप, स्रावाचा रंग आणि वास, दिलेलं औषध, आणि औषधानंतर दूध कधीपर्यंत वापरायचं नाही ती तारीख. गाभ पडली तर कितवा महिना आणि नमुना कुठे पाठवला. पशुवैद्यक गोठ्यात आले की बाकी काही बोलण्याआधी हे पान त्यांच्यापुढे उघडा.